शेजार असला तरच वाढते

पद्मा, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. मॅनेजर साहेबांनी दोनदा नाव घेतलं. "सुमनताई, तुम्ही तर मॅडमच्या अगदी जवळच्या, दोन शब्द बोला." मी मान खाली घालून बसून राहिले. लोकांना वाटलं, दुःखानं कंठ दाटला बाईचा. कंठबिंठ काही दाटला नव्हता. उठले असते तर तुझ्या हार घातलेल्या फोटोशी भांडले असते, आणि मग हंगाम संपेपर्यंत कॅन्टीनला तोच विषय पुरला असता.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तू जिवंत असताना मी तुझ्याबद्दल कधी चांगलं बोलले नाही, आता एकदम गोड बोलायला लागले तर तूच तुझ्या तेलुगू हाकेनं म्हणशील, "एमे, ताप आलाय का तुला?" बाकीचे बोलले की. एकजण म्हणाला, मॅडम म्हणजे डिस्टिलरीची आई. तुला आई म्हणाला! तू त्याला कारखान्याच्या गेटापर्यंत हाकलत नेलं असतंस. दुसरा म्हणाला, मॅडम फार मितभाषी होत्या. मी खाली बघून हसले, तेही लोकांना हुंदक्यासारखं वाटलं असेल. तू मितभाषी असशील तर मी मुकी.

खरी गोष्ट एवढीच की मला तुझ्याकडून एक उत्तर हवं होतं. तुझी रिटायरमेंट जवळ आली, तुझ्या जागेवर कोण बसणार हा विषय निघाला आणि तू साहेबांना सांगितलंस, "सुमनला नका देऊ. बाहेरून माणूस आणा." इतकी वर्षं एका टेबलावर काम केलेल्या बाईबद्दल असं बोललीस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि त्याचं धड उत्तर न देता एका सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता छातीत कळ येऊन गेलीस. तुझ्यासारख्या भांडखोर बाईला हे शोभलं नाही, पद्मा. भांडण अर्धं टाकून कुणी जातं का?

मी मंगळवेढ्याहून नवी नवी आले तेव्हाचं आठवतंय तुला? एमएस्सी झालेली, डोक्यात हवा. सात रस्ता चौकातून कारखान्याची बस पकडायची, खिडकीची जागा तुझी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बसले. तू नुसती माझ्यासमोर उभी राहिलीस, बाळे गावाचा स्टॉप येईपर्यंत. शेवटी मीच उठले. तिथून आपलं सुरू झालं. लॅबमध्ये गेल्यावर मायक्रोस्कोप पुढं सरकवलास. "काय दिसतंय?"

"गोल गोल ठिपके."

"ठिपके भिंतीला असतात. ही यीस्ट हाय, जेवत बसलीय. नीट बघ पुन्हा."

मी पुन्हा बघितलं. पुन्हा ठिपकेच दिसले. तू म्हणालीस, "विद्यापीठानं तुला काय शिकवलं, रांगोळी?" त्या दिवशी मी घरी जाऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी बस यायच्या आधीच लॅबला जायचं म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर बसून आले. तुला काही कळू द्यायचं नव्हतं म्हणून आधी बघून ठेवायचं होतं. तू माझ्या आधी आलेली होतीस.

आता खोटं कशाला बोलू, जे येतं ते तूच शिकवलंस. उसाची मळी पाण्यात पातळ करायची, टाकीत यीस्ट सोडायची, तिनं साखर खाऊन अल्कोहोल करायचं, एवढंच जगाला माहीत. ती यीस्ट आपापसात बोलते, हे तू सांगितलंस. तोंड नाही, कान नाही, तरी बोलते. द्रव्यं सोडते, शेजारणीला ती लागतात, शेजारीण आपलं खाणंपिणं बदलते. नत्राचं अन्न आटायला लागलं की टाकीला मंद गुलाबाचा वास येतो, आठवतो? पहिल्यांदा मला वाटलं कुणीतरी अत्तर सांडलं. तू म्हणालीस, "अत्तर न्हाय, निरोप हाय. अन्न सरत आलं, पसरा आता, शोधा, असं सांगतायत एकमेकींना." मग भिंगाखाली दाखवलंस. एरवी गोल गोल बसणाऱ्या पेशी लांबट होऊन, साखळी धरून निघालेल्या. "पोट भरलेल्याला निरोप पाठवायची गरज काय? युरिया ओतला की वास बंद." आणि ओतलास. मला त्या दिवशी तुझा राग आला. इतकं सुंदर दाखवायचं आणि लगेच गोणी फोडून बंद पाडायचं.

तिथूनच आपलं मोठं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं, युरिया आयता दिला की त्या मळीतलं स्वतःचं अन्न बघतसुद्धा नाहीत. घरी पुरणपोळी असल्यावर शिळी भाकरी कोण बघेल? जरा थांबावं, बोलू द्यावं त्यांना. तुझं म्हणणं, "टाकी बंद पडली तर तुझा सिद्धांत साहेबांना प्यायला देऊ का?" गुलाब आला की गोणी, हा तुझा कायदा. एका टाकीतलं दुसऱ्या टाकीत घालायचं नाही, जंतू पसरतात, हा दुसरा कायदा. मी दर हंगामात भांडले. दर हंगामात तू गोणी फोडलीस. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि यीस्टच्या त्या दोन जातींचं आठवतं? आठवत नसेल तर तुझं नावच बदलायला पाहिजे, कारण त्यांच्यावरच तू मला तोललंस.

गाळप बंद होतं, खरेदी बंद होती, आणि यीस्ट वाढवायच्या ताटल्यांत ओततो ते अगर संपत आलं होतं. तुझा नियम असा की एका ताटलीत एकच जात. मी अगर वाचवायचं म्हणून एका ताटलीच्या मधोमध रेघ मारली, एका बाजूला धडधाकट जात लावली, दुसऱ्या बाजूला ती दुबळी. ती दुबळी म्हणजे जिला एक अन्न स्वतः बनवता येत नव्हतं, बाहेरून घ्यावंच लागायचं. ताटलीत ते अन्न भरपूर घातलेलं, तरी ती कधी वाढायची नाही. आपण दोघी वैतागलो होतो तिच्यावर. तू ताटली बघितलीस आणि ओरडलीस, "एका ताटात दोन जाती? हे काय लग्नाचं जेवण हाय का?" फेकायला निघालीस आणि थांबलीस. रेघेच्या कडेकडेनं, धडधाकट जातीच्या शेजारी, दुबळी वाढली होती. लांब होती ती तशीच उपाशी.

"घाण पडली असेल," मी म्हणाले.

"गप. बघू दे."

त्या दिवशी तू जेवली नाहीस. माझ्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तशीच तुझ्यापुढं राहिली, आणि एरवी तू ती मला विचारल्याशिवाय संपवायचीस. मग आपण धडधाकट जात वाढवलेलं पाणी घेतलं, त्यातल्या पेशी गाळून काढल्या, ऑफिसातल्या पंचिंग मशीननं टिपकागदाच्या टिकल्या पाडल्या, त्या पाण्यात भिजवून दुबळीच्या शेजारी ठेवल्या. टिकलीभोवती दुबळी वाढली. पेशी एकही नाही, नुसतं पाणी, तरी वाढली. तू टेबलावर हात आपटून म्हणालीस, "अय्यो! हिला भूक होती, ताट भरलेलं होतं, फक्त कुणीतरी 'खा गं' म्हणायला पाहिजे होतं." कारण असं की ताटलीत अमोनियाचं चांगलं अन्न असलं की पेशी बाकीच्या अन्नाची दारं लावून घेते. दुबळीचं अन्न नेमकं त्याच दारातनं यायचं होतं. शेजारीण द्रव्य सोडून सांगायची, दार उघड.

नंतर कळलं की हे जगात कुणीतरी कधीच बघून ठेवलंय. मी हिरमुसले. तू हसलीस. "त्यांच्याकडं एसी असेल. आपण पंचिंग मशीननं केलं." तेव्हा मला तू आवडली होतीस, पद्मा. बोलले नाही. आता लिहायलाही कसंतरीच वाटतंय.

मी तेव्हा एक विचारलं होतं. दुबळीला शेजारामुळं फरक पडतो हे दिसलं. पण धडधाकटीला शेजारामुळं काही फरक पडतो का? ती एकटी असताना आणि दुबळी शेजारी असताना सारखीच राहते का? तू खांदे उडवलेस. "देणारा देतो, घेणारा घेतो. देणाऱ्याला काय होणार?" मी म्हणाले, करून बघू. तू म्हणालीस, "अगर आल्यावर." अगर आलं. आपण केलं नाही. हंगाम सुरू झाला, मग दुसरा, मग तू बायकांच्या बाथरूमसाठी साहेबांशी भांडत बसलीस. डिस्टिलरीत बायका दोनच, त्यांना बाथरूम कशाला, म्हणाले साहेब. तू म्हणालीस, "ठीक हाय, मग आजपासून तुमच्या केबिनचं वापरते," आणि खरंच वापरलंस. टाक्या चालवणाऱ्या चाँदभाईंनी दारावर पाटी लावली, महिलांसाठी. महिन्याभरात बाथरूम झालं. ते अजून आहे. मी रोज जाते तेव्हा तुझे उपकार मानते, आणि कडी नीट लागत नाही म्हणून शिव्याही घालते.

तर ती तुझी रिटायरमेंटची गोष्ट. साहेबांच्या पोटात काही राहत नाही, तुला माहीतच होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, मॅडमच नको म्हणाल्या, आमचं काही नाही. मी तशीच तुझ्याकडं आले. तू भिंगाला डोळा लावून बसलेली.

"तू साहेबांना काय सांगितलंस?"

"व्हय, सांगितलं."

"का?"

तू उठलीस, फ्रीज उघडलास आणि ती ताटली काढून माझ्यापुढं ठेवलीस. तीच रेघेची, नव्यानं लावलेली. बोट ठेवून म्हणालीस, "ही तू. शेजार असला तरच वाढते."

पद्मा, बाईला एवढ्या वाईट पद्धतीनं कुणी नाही म्हटलं नसेल. सांगायचं होतं तर तोंडानं सांगायचंस. माझी चूक दाखवायचीस, एखादी टाकी मी बिघडवलेली सांगायचीस. तू मला काचेच्या ताटलीत दाखवलंस! मी म्हणाले, "म्हणजे काय?" तर म्हणे, "तू माझ्याशी भांडतीस म्हणून तुला सुचतं. मी उजवीकडं म्हटलं की तू डावीकडं बघतीस आणि तिथं कधी कधी सापडतं काहीतरी. मी नसले की तू कुणाच्या उलटं जाणार? टाकी उलटसुलट करून चालत न्हाय सुमे."

मी ताटली उचलली आणि टाकून दिली. फुटली नाही, प्लॅस्टिकची होती, तुझ्याच खरेदीची. दुसऱ्या दिवशी साहेबांना अर्ज दिला आणि सांडपाण्याच्या विभागात गेले. तुला वाटलं असेल आठ दिवसांत परत येईल. नाही आले. तू बोलली नाहीस, मीही बोलले नाही. काही सांगायचं असलं की चाँदभाईमार्फत. "मॅडमना सांगा, स्पेंटवॉशचं सांडपाणी गरम येतंय." "सुमनताईंना सांगा, येऊ दे." बिचारा माणूस टाक्या चालवायचं सोडून आपला पोस्टमन झाला. एकदा म्हणाला, "मॅडम लोग, फोन है ना दोनों के पास?"

तिथं त्या सांडपाण्याच्या तळ्याच्या काठावर बसून मी काय केलं सांगू? तुझं वाक्य खोडून काढायला आयुष्य धुंडाळलं. मी स्वतःहून काय केलं? सायन्स घेतलं, कारण घरचे आर्ट्स घे म्हणाले. तू निळी साडी चांगली म्हणालीस, मी हिरवी घेतली, आणि मला हिरवा रंग अजिबात आवडत नाही. स्कूटी शिकले, कारण तू म्हणालीस तुला जमणार नाही. जिकडं बघावं तिकडं कुणाच्या तरी उलटं. आणि त्यातलं निम्मं तुझ्या उलटं. मग राग दुप्पट झाला. तू नुसती दुष्ट असतीस तर सोपं होतं. तू बरोबर असण्याची शक्यता होती, हेच सहन होईना.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेले. पूर्वभागात तुझ्या गल्लीत अजून दोन घरांत माग चालू आहेत, त्यांचा खडखडाट तुझ्या मुलाला बंद करायला सांगायचा होता, तुझे यजमान श्रीनिवासअण्णा नको म्हणाले. "चालू दे. तिला त्याच्याशिवाय झोप येत नव्हती." अण्णांनी मला आत बसवलं. मला वाटलं, आता हेही म्हणणार, तुम्ही तिच्या जवळच्या. ते म्हणाले, "ताई, ती स्वयंपाक करताना तुमच्याशी भांडायची."

"माझ्याशी?"

"एकटीच. मी विचारायचो, कुणाशी बोलतीस? तर म्हणायची, आता सुमी असं म्हणेल, तर मी तिला असं सांगेन. आणि मग कामाला गेली की काहीच न्हाय. या वर्षी तिनं एकही नवीन करून बघितलं न्हाय. म्हणायची, कंटाळा आला."

अगं बये! मग फोन का नाही केलास? यीस्टच्या एका पेशीला जेवढी अक्कल तेवढी तुला नव्हती? ती शेजारणीला सांगते, अन्न आटलं. तू भातावर झाकण ठेवत माझ्याशी भांडलीस आणि मला कळू दिलं नाहीस. आणि मीसुद्धा काय वेगळं केलं म्हणा. तळ्याच्या काठावर तुझ्या वाक्याला उत्तरं देत बसले, तीही तुला पाठवली नाहीत. अण्णांच्या हातचा चहा मी तसाच ठेवून उठले. बाहेर येऊन स्कूटीला किक मारली तर चालूच होईना, मग तिथंच उभी राहून रडले. आता तुला कळलं. समाधान झालं असेल.

देणाऱ्याला फरक पडतो का, त्या प्रश्नाचं हे उत्तर म्हणायचं का? तू म्हणाली असतीस, "एका बाईवरून सिद्धांत मांडतीस होय?" बरोबर आहे. नाही मांडत.

मग साहेबांनी मला बोलावलं. बाहेरचा माणूस हंगामात कुठून आणणार? म्हणाले, तात्पुरतं तुम्ही बघा. तात्पुरतं हा शब्द त्यांनी तीनतीनदा म्हटला. मी तुझ्या खुर्चीत बसले. खुर्ची मोडकी आहे हे मला माहीत नव्हतं, तू इतकी वर्षं एका बाजूला तोलून बसत होतीस. कधी बोलली नाहीस.

परवा सकाळी चाँदभाई आले. "मॅडम, तीन नंबरला गुलाब आलाय." मागं पोरांनी युरियाची गोणी उचलून ठेवलेलीच होती. तुझा कायदा सगळ्यांना पाठ. मी म्हणाले, "गोणी ठेवा खाली."

"मॅडम, पद्मा मॅडम तो..."

"मला माहीत आहे काय करायच्या. ठेवा."

काय बरं वाटलं मला! इतक्या वर्षांनी जिंकले. मी टाकीच्या शिडीवर चढून वास घेतला, आणि मनात म्हटलं, बोला बायांनो, पोटभर बोला, तुमची सासू गेली. दुपारी साखरेचं माप, ब्रिक्स, बघितलं, साखर खाली यायला हवी होती, जरा कमी आली. म्हटलं, वेळ लागणारच. संध्याकाळी जागच्या जागी. काल सकाळी आले तर तीन नंबर थंड पडलेला. फेस नाही, आवाज नाही. आत एवढी मळी, एवढी साखर, आणि यीस्ट ढिम्म. साहेबांचा फोन. "सुमनताई, टाकी गेली म्हणतात. दुसऱ्या कारखान्यातल्या केमिस्टला बोलावू का? मॅडम म्हणालेल्याच होत्या..." पुढचं त्यांनी गिळलं.

पद्मा, मला काय दिसलं सांगू? टाकीपेक्षाही तुझं ते बोट दिसलं, ताटलीवर टेकवलेलं. मी म्हणाले, "दुपारपर्यंत थांबा. मी बघते."

आधी भिंगाखाली बघितलं. पेशी जिवंत होत्या, सुस्त होत्या. जंतू फारसे नाहीत. शेजारी दोन नंबर खदखदून चाललेला. पहिला विचार काय आला माहीत आहे? दोन नंबरचं तीन नंबरात सोडावं, कारण तू कधी सोडू दिलं नाहीस. आणि लगेच माझं मलाच कळलं, की हे मी टाकीसाठी करत नाही, तुझ्यासाठी करतेय. तू मेलीस तरी मी तुझ्याच उलटी चालले होते. मी मोडक्या खुर्चीवर बसले आणि स्वतःला विचारलं, हा कायदा कुणाचाच नसता, आणि युरियाची गोणीही कुणाची नसती, तर मी काय केलं असतं? असं मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. लई अवघड असतं ते. कुणीच समोर नाही, ढकलायला भिंतसुद्धा नाही.

दोन नंबरची स्लाईड काढली. स्वच्छ. खात्री वाटेना, पुन्हा काढली. मग चाँदभाईंना सांगितलं, गोणी फोडा, अर्धीच, आणि दोन नंबरमधून तीन नंबरला आंबत असलेला वॉश सोडा. एक हुकूम तुझा, एक तुझ्या विरुद्ध. "दोनों?" म्हणाले. मी म्हटलं, "दोन्ही. आणि चुकलं तर माझ्या नावावर."

दुपारी तीन नंबर जागा झाला. काचेतून फेस वर येताना दिसला, मग तो आवाज सुरू झाला, तुला आवडायचा तो, भजी तळल्यासारखा. पोरं हसायला लागली. साहेबांचा फोन आला, "वा सुमनताई, मानलं." तात्पुरतं हा शब्द या वेळी नव्हता. मी त्यांना थँक्यू म्हणाले आणि फोन ठेवला. मला त्यांचं वा नको होतं.

मला तुझा आवाज हवा होता. कारण तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. "एमे, लई उड्या मारू नको. कशानं चाललं सांग. युरियानं? का नवी यीस्ट पडली म्हणून? का शेजारणीच्या पाण्यातल्या निरोपानं? एकाच वेळी दोन्ही घातलंस, आता कळणार कसं? कंट्रोल कुठाय?" कंट्रोल नाही, पद्मा. टाकी वाचवायची होती, प्रयोग नव्हता करायचा. नुसत्या युरियानं एवढ्या लवकर उठली नसती, यावर मी पैज लावायला तयार आहे. तू नाही म्हण. म्हण की. माझ्याकडं चार मुद्दे तयार आहेत, आणि सगळे चांगले आहेत.

एवढं मात्र कबूल कर की तू चुकलीस. मी चुकले, एकटीच चुकले, आणि एकटीनंच निस्तरलं. शेजार नव्हता, तरी वाढले. साहेबांना जे सांगितलंस ते खोटं ठरलं. मी काल घरी गेले नाही बराच वेळ, बसही सोडली, हे तुझ्या तोंडावर सांगायला तोंड उघडून लॅबमध्ये उभी होते. इतकी वर्षं तुला चुकीची ठरवायची वाट बघितली, आणि ते झालं त्या दिवशी तू जागेवर नाहीस. हे मात्र मी तुला कधी माफ करायची नाही.